वस्तीची गाडी

माझ्या आईच्या शिवणयंत्रावर एक सोनेरी स्फिंक्स होता. तोंड बाईचे आणि अंग सिंहाचे. आम्ही भावंडे त्याला ‘मिसरची सिंहीण’ म्हणत असू. सुईपाशी, जिथून कापड रात्रंदिवस सरकत असे, तिथे त्या सिंहिणीचे पुढचे पाय पार झिजून गेले होते. चाकाजवळची तिची जुळी बहीण मात्र शेवटपर्यंत झळाळत होती. ते सोने खरवडून पाहण्याचा मोह मला अनेकदा होई. नखाखाली एक अतिशय पातळ पापुद्रा येई आणि पाठीत आईचा धपाटा बसे. ते चित्र यंत्रावर कोणी रंगवलेले नव्हते, ते आधी कागदावर छापून मग पाण्याच्या साहाय्याने लोखंडावर उतरवलेले होते, हे मला पुढे फार वर्षांनी कळले. सायकलच्या दांडीवर कंपनीचे नाव बसे ते याच रीतीने.

अशा चित्राला डिकॅल म्हणतात. आमच्या लहानपणी त्याला नुसते ‘ट्रान्सफर’ म्हणत. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या खळीचा थर, त्यावर पारदर्शक पापुद्रा आणि त्या पापुद्र्यावर चित्र, अशी त्याची तीनपदरी रचना असते. कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवले की खळ सैल होते, आणि ओल्या कुंचल्याने हलकेच ढकलले की पापुद्रा चित्रासह सरकून आपल्या जागी जाऊन बसतो. पाणी सुकले की चित्र वस्तूचे होते.

छोट्या प्रतिकृती करण्याचा नाद मला सेमिनरीत लागला. नाताळच्या गोठ्यासाठी पुठ्ठ्याची घरे करण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे येई. घरांवरून मी होड्यांवर गेलो, होड्यांवरून आगगाडीच्या डब्यांवर. पुढे धर्मग्रामे बदलत गेली, पण रंगांच्या बाटल्या, कानशी आणि चिमटे यांची एक पत्र्याची पेटी प्रत्येक बदलीत माझ्याबरोबर फिरली. ‘फादर, या वयात हे खेळ शोभतात का?’ असे एका वडीलधाऱ्या धर्मभगिनींनी मला विचारले होते. त्यांना मी अद्याप उत्तर दिलेले नाही.

सध्या मी रत्नागिरी जिल्ह्यात आहे. गुहागर तालुक्यात आपली काही कुटुंबे विखुरलेली आहेत. अंजनवेलच्या वीजप्रकल्पामुळे बाहेरून आलेली, तिथेच रमलेली. त्यांच्या भेटीसाठी महिन्यातून एकदा मी जयगडहून फेरीबोटीने शास्त्री नदीचे मुख ओलांडतो, तवसाळला उतरतो आणि किनाऱ्याच्या रस्त्याने वर जातो. वाटेत हेदवी लागते. दशभुजा गणेशाच्या देवळामुळे आणि भरतीच्या वेळी खडकाच्या चिरेतून पाण्याचा स्तंभ उसळवणाऱ्या बामणघळीमुळे हे गाव पर्यटकांना ठाऊक आहे. मला ते ठाऊक झाले ते एका निवृत्त एसटी चालकामुळे. एकदा माझ्या दुचाकीचे चाक पंक्चर झाले आणि मी त्यांच्या खळ्यात जाऊन टेकलो. तेव्हापासून आमचा स्नेह आहे. सारे गाव त्यांना आबा म्हणते, मीही म्हणतो.

आबांनी अकरा वर्षे वस्तीची गाडी चालवली. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी तालुक्याहून निघून रात्री गावात मुक्काम करणारी आणि भल्या पहाटे परत जाणारी एसटी. त्या गाडीने शहरातली औषधे, वर्तमानपत्रे, मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्यांच्या चौकश्या आणि शहाळ्यावर ताव मारणारे मुंबईकर गावात येत. पहाटे त्याच गाडीने कॉलेजची मुले, मासळीच्या टोपल्या आणि दवाखान्याला निघालेल्या बाळंतिणी बाहेर पडत. आबांचे घर हेदवीतच, त्यामुळे त्यांच्याबरोबरचा वाहकही त्यांच्याच घरी जेवत असे. घाटावरून नव्याने आलेले वाहक पहिल्या आठवड्यात सोलकढीकडे संशयाने पाहात आणि बदली झाली की डोळ्यांत पाणी आणीत, हे आबांच्या पत्नी, म्हणजे काकी, अजून रंगवून सांगतात.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या फेब्रुवारीत मी गेलो तेव्हा आबा ओटीवर बसून समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे पाहात होते. पाहात होते म्हणणे फारसे खरे नाही. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा पूर्वीच गेला होता आणि उजव्यात नळीतून दिसावे तेवढेच उरले होते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. मी त्यांना पूर्वी माझ्या एका होडीचे छायाचित्र दाखवले होते. ते आठवून ते म्हणाले, “फादर, तुम्ही होड्या करता, एकदा माझी गाडी करून द्या. खरी तर आता सुटत नाय. दिसतंय तवर बघून घेतो.”

मी होकार दिला. गावच्या सुताराने शिवणीच्या लाकडाचे दोन सांगाडे घडवून दिले. एक बिघडला तर दुसरा असावा, हा त्याचाच शहाणपणा. पन्नासास एक या प्रमाणात साडेदहा मीटरची गाडी एकवीस सेंटिमीटरांची होते. खिडक्या कोरल्या, लाल ऑइलपेंट दिला, वर सामानाचा टप बसवला. इथवर सारे सुरळीत झाले. आणि मग अक्षरांपाशी अडलो.

विलायती विमानांची, आगगाड्यांची, अगदी आपल्या वायुदलाच्या तिरंगी चक्रांचीही डिकॅल तयार मिळतात. परंतु ‘गुहागर–हेदवी’ अशी पाटी जगातला कोणता कारखाना छापणार? देवनागरी अक्षरांची ही अडचण जुनी आहे. गोव्यात छापखाना १५५६ साली आला. पण १६१६ साली रायतूरला फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ निघाले ते रोमन लिपीत, कारण आपल्या लिपीचे खिळे तिथे नव्हते. त्या थोर पुरुषाशी माझी काही बरोबरी नाही. पण त्याला काय वाटले असेल याची एक लहानशी कल्पना मला त्या दिवसांत आली. त्याच्यापेक्षा मी एका बाबतीत भाग्यवान होतो. पॅरिशच्या कार्यालयात जन्मदाखले आणि लग्नाच्या जाहिराती छापणारा एक इंकजेट प्रिंटर होता. कोरा डिकॅल कागद मुंबईहून कुरियरने मागवता येत होता.

या प्रिंटरची जन्मकथा मोठी गमतीची आहे. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत तापलेले सोल्डरिंग आयर्न चुकून शाईने भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागले आणि टोकातून शाईचा थेंब उडाला. उष्णतेने शाईत बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो, हे त्या अपघाताने दाखवले. आजही अनेक घरगुती प्रिंटर त्याच तत्त्वावर चालतात. परंतु ही शाई मुळात पाण्याची असते. डिकॅल तर पाण्यातच बुडवायचे! माझी पहिली पाटी मी मोठ्या उमेदीने बशीतल्या पाण्यात सोडली, आणि पाहता पाहता ‘गुहागर’ विरघळून जांभळ्या धुरासारखे पाण्यात पसरले. पांढरा पापुद्रा तेवढा हाती राहिला.

म्हणून छपाई झाल्यावर कागद दिवसभर सुकू द्यावा लागतो आणि नंतर त्यावर लॅकरचे फवारे मारून शाई कोंडून टाकावी लागते. पहिला फवारा अगदी दुरून, नुसता शिडकावा. तिथे हात जड झाला तर लॅकरच शाई पसरवते. तो सुकला की दुसरा, मग तिसरा. एकदा पोळलेला मी. मी सहा थर दिले. त्यामुळे पापुद्रा चांगलाच जाड झाला. त्याची कथा पुढे येईल.

दुसरी अडचण मला अधिक मोलाची वाटते. प्रिंटरमध्ये निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात, पांढरी नसते. आपण पांढरे म्हणून जे छापलेले पाहतो तो कोरा ठेवलेला कागद असतो. शिवाय या शाया पारदर्शक असतात. पारदर्शक पापुद्र्यावर पिवळे छापून लाल रंगावर बसवा, पिवळे नाहीसे होते. १९९० च्या दशकात जपानच्याच आल्प्स कंपनीने रंगीत फितीचा, पांढरेही छापणारा प्रिंटर काढला होता. जगभरच्या छांदिष्टांनी तो डोक्यावर घेतला, पण कंपनीने पुढे तो बंद केला. माझ्यासारख्याला मार्ग उरतो तो उलटा: पांढऱ्या पापुद्र्याचा कागद घ्यावा, अक्षरांभोवतीची सारी जागा गाडीच्या लाल रंगात छापावी आणि अक्षरे तेवढी न छापता सोडावीत.

दाराजवळचे आगाराचे नाव आणि आसनसंख्या आबांच्या आठवणीप्रमाणे लालवर पांढरी होती. ती या रीतीने करायची, तर छापील लाल आणि डब्यातला लाल एक व्हायला हवेत. संगणकाच्या पडद्यावरचा लाल प्रकाशाचा असतो, कागदावरचा गुलाबी व पिवळ्या शाईच्या मिश्रणाचा. डब्यातल्याचा दोहोंशीही संबंध नाही. मी अठ्ठेचाळीस चौकोन छापले, प्रत्येकात शाईचे प्रमाण थोडे वेगळे. रात्री ट्यूबलाइटखाली सदतिसावा चौकोन गाडीशी तंतोतंत जुळला. सकाळी अंगणात नेऊन पाहतो तो तो विटकरी दिसतो! एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात फारकत घेतात, हे रंगशास्त्रातले जुने सत्य मी असे पदरचे लॅकर खर्चून शिकलो. आबा गाडी ओटीवर बसूनच पाहणार, तेव्हा दिवसाच्या उजेडातला एकेचाळिसावा चौकोन निवडला.

समोरची पाटी पांढऱ्यावर काळी, म्हणून सोपी. खऱ्या पाटीवरचे पंधरा सेंटिमीटरांचे अक्षर इथे तीन मिलिमीटरांचे होते. इंचाला सहाशे ठिपके छापणारा प्रिंटर तेवढ्यात सत्तर ठिपके बसवतो. वेलांटी आणि मात्रा शाबूत राहतात. बोधचिन्हावरचे ‘बहुजन हिताय बहुजन सुखाय’ मात्र सातआठ ठिपक्यांत गुदमरले. जाणकारांना एक रेघ दिसेल. ती ते ब्रीद आहे असे समजावे.

गाडी गुळगुळीत, चकचकीत रंगवलेली असावी लागते. रंग खडबडीत असेल तर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि चित्र चंदेरी धुरकट दिसते. पाण्यात व्हिनेगरचे दोन थेंब टाकले की पापुद्रा नरम पडतो आणि कंगोऱ्यांवर नीट बसतो. काकींच्या स्वयंपाकघरात व्हिनेगर नसते. पण आमच्या घरांतून विंदालूसाठी ते असतेच.

२०२२ च्या मे महिन्यात मी गाडी घेऊन हेदवीला गेलो. संप मिटला होता, रस्त्यावर खऱ्या गाड्याही होत्या. आबांनी प्रतिकृती उजव्या डोळ्याजवळ आणली, दुसऱ्या हाताने भिंग धरले आणि टपापासून चाकांपर्यंत ती इंचाइंचाने पाहिली. दाराजवळचे आगाराचे नाव वाचून ते हसले. क्रमांकातला ‘एमएच १२’ पाहून म्हणाले, “दापोडीची गाडी. बरोबर.” रत्नागिरीची गाडी असून पुण्याचा क्रमांक का, असे काकींनी विचारले, तेव्हा, जिथल्या कार्यशाळेत गाडी बांधली जाते तिथला क्रमांक तिला मिळतो, असे त्यांनी समजावले. मग भिंग पाटीवर आले. ‘गुहागर–हेदवी’, आणि खाली बारीक अक्षरांत ‘मार्गे वेळणेश्वर’.

“झकास झाली हो,” ते म्हणाले. जरा थांबून पुढे म्हणाले, “पण फादर, वेळणेश्वरातला ह्यो श आमच्या पेंटरचा नाय.”

मी पाहिले. मी अक्षरे संगणकाबरोबर येणाऱ्या मंगल टंकातून घेतली होती. त्यातला श हिंदी वळणाचा, गाठीचा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीसाठी देठाचा श आणि पाकळीचा ल प्रमाण ठरवला आहे. पण आबांना शासननिर्णयाशी कर्तव्य नव्हते. अकरा वर्षे रोज पहाटे ज्या पाटीखालून ते गाडीत चढले, तिच्यावरचा श त्यांना ठाऊक होता. एसटीचा पेंटर चपट्या कुंचल्याने लिही; त्याची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असे. छापखान्याच्या टंकाला बोरूच्या तिरप्या कापाची आठवण असते, म्हणून ती कुठे जाड, कुठे बारीक.

“राहू द्या, असू दे,” आबा म्हणाले. “चांगली हाय.” त्यांनी गाडी मांडीवर ठेवूनही घेतली होती.

इथे मी जे केले त्याचे मला आजही नीट समर्थन करता येत नाही. मी म्हणालो, “नाही आबा, बरोबर करूनच देतो,” आणि गाडी परत घेतली. ते काही बोलले नाहीत. मला वाटले, पंधरा दिवसांचे तर काम आहे.

खरी पाटी गावातच मिळाली. भंगारात गेलेला तो पत्रा एका बागायतदाराने विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरवर झाकण म्हणून ठेवला होता. ट्रेसिंग पेपर अंथरून मी अक्षरे उतरवून घेतली. ‘गुहागर’मधला ह गंजाने खाल्ला होता, म्हणून ‘हेदवी’तला ह उसना घेतला. श मात्र देठासकट शाबूत होता. कोणा पेंटरच्या मनगटाचा झोक त्याच्या शेवटच्या फटकाऱ्यात स्पष्ट दिसत होता. अक्षरे स्कॅन केली, लहान केली, छापली. आणि पाऊस आला.

कोकणातल्या पावसाळ्यात लॅकर मारता येत नाही. त्यातले द्रावण उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि पापुद्रा ताकासारखा पांढुरका पडतो. मी जूनमध्ये प्रयत्न केला, जुलैत केला. बल्ब लावून, खोकी तापवून केला. चार कागद फुकट गेले. शेवटी दिवाळीपर्यंत थांबायचे ठरवले. मधल्या महिन्यांत फेरीबोटही समुद्राच्या मर्जीवर, माझे हेदवीला जाणे दोनदाच झाले. दोन्ही वेळा आबा गाडीबद्दल विचारीत आणि मी श किती सुंदर उतरला आहे ते सांगे.

नोव्हेंबरात हवा कोरडी झाली. या वेळी मी घाई केली नाही. फवारे मोजके तीन, तेही पातळ. पाटी बसवल्यावर तिच्यावर पुन्हा लॅकरचे थर दिले आणि सगळ्यात बारीक वॉटर पेपर पाण्यात बुडवून ते घासले, म्हणजे पापुद्र्याची कड बुजून जाते. उत्तम डिकॅल कोणते, तर जिथे ते संपते ती जागा बोटाला कळत नाही ते. माझी पाटी तशी झाली होती. डोळे मिटून मी तिच्यावरून बोट फिरवले आणि मला काहीही लागले नाही. असे काम माझ्या हातून पूर्वी झाले नव्हते.

मी ती दुसरी गाडी घेऊन हेदवीला पोचलो तेव्हा काकी दारातच भेटल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “नवरात्रापासून त्यांना उजेड नि काळोख एवढंच कळतं.”

आबांनी दोन्ही हातांनी गाडी घेतली. टप चाचपला, खिडक्या मोजल्या, चाके फिरवली. मग अंगठा समोर काचेच्या वर नेला आणि तिथे तो डावीउजवीकडे फिरवीत राहिले.

“पाटी नाय लावली?” त्यांनी विचारले.

मी म्हणालो, “लावली आहे आबा. तुमच्या अंगठ्याखालीच आहे.”

त्यांनी पुन्हा फिरवला. “गुळगुळीत लागतंय,” ते म्हणाले. मग माझी अडचण ओळखून, मलाच धीर द्यावा तसे, “छान झालीय. ह्या नातवाला दाखवू.” नातवाने पाटी मोठ्याने वाचली, श देठाचा आहे हेही सांगितले. आबांनी मान डोलावली. चहा घेताना त्यांनी सहज विचारले, “ती पहिली मोडलीत काय हो?”

पहिली माझ्या कपाटात होती. डिसेंबरात नाताळच्या धावपळीमुळे जाणे जमले नाही. २०२३ च्या जानेवारीत ती घेऊन गेलो. सहा थरांची ती जाड, ओबडधोबड पाटी, एका कोपऱ्यात किंचित सुटलेलीसुद्धा. आबांनी अंगठ्याचे नख काचेच्या वर टेकवले आणि ते कडेला अडले. त्यांनी कडेकडेने नख फिरवून चारही कोपरे पाहिले.

“ही पाटी,” ते काकींना म्हणाले.

“वाचा बघू मग,” काकी म्हणाल्या.

त्यांनी डाव्या कोपऱ्यापासून नख सावकाश उजवीकडे नेत वाचले, “गुहागर–हेदवी, मार्गे वेळणेश्वर.” आणि गाडी मांडीवर ठेवून घेतली. दुसरी मी परत आणली आहे.